एकशे त्रेचाळीस दिवस

निनाद प्रधान आणि हिरामण काळे यांना पोलिसांनी एकाच गाडीत, एकाच वेळी, एकाच मालासाठी अडवलं. हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, सांगणारीची काहीतरी गल्लत होतेय. पुढे दोघांचेही कागद माझ्या हातात आले. गल्लत नव्हती.

प्रधान हे करंजनगरमधले इंटिरियर डिझायनर. हिरामण त्यांच्याकडे सहा वर्षं वायरमन होता. त्या गुरुवारी भर दुपारी एका जुन्या बंगल्यातून काढलेली तांब्याच्या तारेची दोन भेंडोळी प्रधानांच्या गाडीत टाकून दोघं त्यांच्या गोदामाकडे निघाले होते. बाह्यवळणाच्या नाक्यावर कॅमेऱ्याने हिरामणचा चेहरा टिपला आणि हवालदार घुल्यांच्या हातातली स्क्रीन लाल झाली. घुल्यांनी गाडी बाजूला घेतली, तार पाहिली, बिल मागितलं. घरातून काढलेल्या जुन्या तारेचं बिल कुणाकडे असतं?

कायद्याप्रमाणे दोघांनीही कानात ‘सोबती’ लावला. सोबती म्हणजे यंत्रवकील.

प्रधानांच्या कानात सोबती म्हणाला, “काहीही बोलू नका. अडवण्याचं कारण लेखी मागा. वीस मिनिटांत ते मिळालं नाही तर तुम्हाला सोडावं लागेल. मालाबद्दल आणि सोबतच्या माणसाबद्दल एक शब्दही बोलू नका.”

हिरामणच्या कानात पारधी बोलीत सोबती म्हणाला, “दादा, मान्य कर. किरकोळ चोरी आहे. आज चार वाजेपर्यंत घरी जाशील. नाही म्हणालास तर तुझ्यासारख्याला सरासरी एकशे त्रेचाळीस दिवस आत राहावं लागतं.”

दोघं चार हातांवर उभे होते. ‘तार माझी आहे,’ एवढे तीन शब्द प्रधानांनी उच्चारले असते तर सगळं तिथेच संपलं असतं. पण ते शब्द त्यांच्या सल्ल्यात बसत नव्हते. हिरामणने एकदा त्यांच्याकडे पाहिलं. ते रस्त्याकडे बघत राहिले. हिरामणने स्क्रीनवर अंगठा लावला.

एकविसाव्या मिनिटाला प्रधानांची गाडी सुटली. तार गाडीतच होती. ज्या तारेच्या चोरीची कबुली हिरामणने दिली, ती तार मालकाच्या मागे बसून मालकाच्या गोदामात गेली.

हिरामणची ती तिसरी कबुली होती. तीन कबुल्या झाल्या की माणूस सराईत ठरतो. आठवड्याभरात त्याला जिल्ह्यातून दोन वर्षांसाठी तडीपार केल्याचा आदेश आला. बायको आणि दोन मुली मागे ठेवून तो शेजारच्या जिल्ह्यात गेला.

आणि त्याच्या कानात ‘दादा’ म्हणणारा तो आवाज त्याच्या सख्ख्या बहिणीचा होता.

*

मी कुंदा वाळिंबे. करंजनगरच्या न्यायालयात एकतीस वर्षं वकिली करते आहे. त्यातली बरीचशी विधी सेवेच्या यादीवर, म्हणजे ज्यांना वकील परवडत नाही त्यांच्यासाठी. म्हणून हे यंत्र कसं आलं ते मला सांगितलंच पाहिजे, कारण ते आमच्यामुळे आलं.

कायदा चांगला होता. पोलिसांनी अडवलेल्या कुणालाही वकिलाच्या सल्ल्याशिवाय एकही प्रश्न विचारायचा नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. प्रश्न होता वकील आणायचे कुठून. यादीवर आम्ही चौदा जण आणि नाक्यांवर रोज अडवली जाणारी माणसं दोनशे. आम्ही पोहोचत नव्हतो. कधी कोर्टात अडकलेलो असायचो. कधी, खरं सांगायचं तर, फोनच उचलत नव्हतो. मग सरकारने एका कंपनीकडून सोबती घेतला आणि तो प्रत्येकाच्या फोनवर फुकट दिला. त्याच कंपनीचा सोबती विकतही मिळत होता.

लोकांना वाटायचं, विकतचं यंत्र हुशार आणि फुकटचं मठ्ठ. तसं नव्हतं. यंत्र एकच होतं. आमच्या राज्यातल्या न्यायालयांचे अठरा वर्षांचे निकाल, जामिनाचे हुकूम, तारखा, कोठडीतले दिवस हे सगळं त्याला शिकवलेलं होतं. समोरच्या माणसाचं वय, पत्ता, जात, काम, आधीच्या नोंदी पाहून ‘अशा माणसाचं पुढे काय झालं’ हे ते सांगायचं. त्याला कायदा कितपत कळत होता मला माहीत नाही. आमची न्यायालयं त्याला अचूक कळत होती.

फरक होता तो यंत्राने काय साधायचं यात. विकतच्या सोबतीत गिऱ्हाईक स्वतः ठरवायचं, आणि बहुतेक सगळे ठरवायचे: माझ्या नावावर नोंद नको. फुकटच्या सोबतीत सरकारने ठरवून दिलं होतं: कोठडीतले दिवस कमीत कमी. ऐकायला किती दयाळू वाटतं! पण ज्याला जामीनदार मिळत नाही, ज्याचा वकील तारखेला येत नाही, त्याचे दिवस कमी करण्याचा एकच मार्ग अठरा वर्षांच्या कागदांत सापडत होता. गुन्हा कबूल करायचा. जागेवर निकाल, जागेवर सुटका. कबुलीची नोंद झाली की पुढच्या नाक्यावर स्क्रीन जरा आणखी लवकर लाल व्हायची. मग पुढची कबुली.

*

सोजर काळे माझ्याकडे आली ती आदेशाची प्रत घेऊन. एकतीस वर्षांची, टेकडीमागच्या पारधी वस्तीतली अंगणवाडी सेविका.

“मॅडम, माझा आवाज यंत्रातून काढायचाय,” ती म्हणाली. भावाचं नाव तिने नंतर घेतलं.

दोन वर्षांपूर्वी कंपनीची माणसं बोलीभाषांचे आवाज शोधत वस्तीवर आली होती. पारधी आणि मराठी दोन्ही स्वच्छ बोलणारी, लिहिता-वाचता येणारी म्हणून त्यांनी सोजरला निवडलं. पुण्यात एकोणीस दिवस काचेच्या खोलीत बसून तिने सहा हजार वाक्यं वाचली. ‘दादा’, ‘ताई’, ‘घाबरू नकोस’, ‘मान्य कर’, ‘मान्य करू नकोस’. सगळी सुटी सुटी. कोणतं वाक्य कुणाला ऐकू जाणार हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

“परत आले तेव्हा वस्तीने पेढे वाटले,” ती म्हणाली. “सरकार पहिल्यांदा आमच्या भाषेत बोलणार होतं. आता मी फोन केला की हिरामणदादा कट करतो. भाषा आमची, आवाज माझा, म्हणून त्याने विश्वास ठेवला ना? आता माझा आवाज त्याला ऐकवत नाही. मी नुसते मेसेज पाठवते.”

मी करार वाचला. आवाज कायमचा कंपनीचा होता. तरी आम्ही दोघी पुण्याला गेलो.

कंपनीच्या शर्वरी देवस्थळी सभ्य बाई होत्या. त्यांनी चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं. “सोबती खोटं बोलत नाही,” त्या म्हणाल्या. “एकशे त्रेचाळीस हा खरा आकडा आहे. तुमच्या भावाने नकार दिला असता तर बहुधा तेवढेच दिवस लागले असते.”

“मग प्रधानसाहेबांना नकार द्यायला का सांगितलं?” सोजरने विचारलं.

“त्यांनी वेगळं उद्दिष्ट निवडलं होतं.”

“आम्हाला कुठे निवडायचं असतं?”

“फुकटच्या सेवेत तो पर्याय नाही. ते आम्ही नाही, सरकारने ठरवलंय.”

“आणि आमच्या माणसाला एकशे त्रेचाळीस दिवस का लागतात?”

देवस्थळींनी पडद्यावर पाहिलं. “जामीनदार मान्य झाला नाही. आरोपीचा वकील गैरहजर. पुन्हा वकील गैरहजर. तारीख पुढे. वकील गैरहजर.” त्या वाचत गेल्या. सोजर माझ्याकडे बघत नव्हती. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

मग तिने विचारलं, “हा आकडा बदलतो का?”

“बदलतो ना. नवे निकाल आले की रोज. पण तुमच्या गटात नकारच कुणी देत नाही. गेल्या वर्षी अख्ख्या जिल्ह्यात चौघांनी दिला. त्यामुळे यंत्र जुन्याच आकड्यांवर चालतं.”

परतीच्या बसमध्ये सोजर म्हणाली, “म्हणजे आम्ही मान्य करतो म्हणून ते मान्य करायला सांगतं. आणि ते सांगतं म्हणून आम्ही मान्य करतो.”

“हो.”

“मग कुणीतरी आत जाऊन बसायला पाहिजे.”

मला संताप आला. तिचा नाही. ज्या यंत्राला सत्य शिकवायला गरिबाने स्वतःचे दिवस तुरुंगात मोजून द्यायचे, त्या यंत्राचा, आणि ते विकत घेऊन हात झटकून मोकळे झालेल्या आम्हा सगळ्यांचा.

*

वस्तीवरची बैठक अंगणवाडीसमोर झाली. सोजरने सांगायला सुरुवात केली तशी भुरीबाई नावाची एक वयस्क बाई उठली. तिच्या नावावर दोन कबुल्या होत्या, एक शेळीची आणि एक प्लास्टिकच्या खुर्चीची. दोन्ही तिच्या स्वतःच्या.

“तुझाच गळा ऐकून अंगठा लावला मी,” ती म्हणाली. “आता तूच सांगतेस लावू नका. उद्या तिसरंच काही सांगशील.”

“म्हणून पहिली मी जाणार,” सोजर म्हणाली. “मी किती दिवसांनी सुटते ते बघा. मग ठरवा.”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. तेव्हा मी जे बोलले ते खरं तर एकतीस वर्षांपूर्वी सनद घेतानाच बोलायला हवं होतं. म्हणाले, “इथला कुणीही नाही म्हणाला तर चोवीस तासांच्या आत मी तिथे असेन. प्रत्येक तारखेला असेन. मी नसले तर माझ्याऐवजी कोण येणार त्याचं नाव तुमच्याकडे आधी असेल.” पुढच्या महिन्यात मी बार रूममध्ये अक्षरशः भांडून सहा वकील जमवले. त्यातले चार टिकले.

सोजरला मुद्दाम काही करावं लागलं नाही. नऊ दिवसांनी ती बाळांचं वजन करायचा काटा स्कूटरवर घेऊन दुसऱ्या अंगणवाडीकडे निघाली होती. त्याच नाक्यावर, नावावर एकही नोंद नसताना, नुसत्या वस्तीच्या पत्त्यावरून स्क्रीन लाल झाली. काट्यावर सरकारी शिक्का होता. म्हणजे सरकारी मालाची चोरी.

“मी तिथली सेविका आहे, ओळखपत्र बघा,” ती म्हणाली.

“ताई, ओळखपत्र मशीन तपासतं, मी नाही,” घुले म्हणाले. घुले वाईट माणूस नव्हता. थकलेला होता. “सोबती काय म्हणतो ऐका, अंगठा लावा, मोकळ्या व्हा. मागे रांग लागलीय.”

तिने सोबती कानात घातला. तिचाच आवाज तिला म्हणाला, “ताई, मान्य कर. आज पाच वाजेपर्यंत घरी जाशील. नाही म्हणालीस तर एकशे त्रेचाळीस दिवस.”

नंतर तिने मला सांगितलं की तो आवाज खोटा वाटत नव्हता. ती अंगणवाडीतल्या रडणाऱ्या पोराला समजावते ना, अगदी तसा होता. मायेचा.

“मान्य नाही,” ती म्हणाली.

घुल्यांना ते ऐकायची सवय नव्हती. नकाराचा फॉर्म स्क्रीनवर कुठे आहे तेच त्यांना बराच वेळ सापडेना.

*

मी बावीस तासांत पोहोचले. पहिल्याच तारखेला जामीन मंजूर झाला, पण जामीनदार पाहिजे होता. वस्तीतल्या कुणाच्याही नावावर जमीन नाही. माझा जामीन वकील म्हणून चालत नाही. अंगणवाडीच्या पर्यवेक्षिकेने काटा आमचाच आहे असं लेखी दिलं, तर सरकारी वकिलांनी ते पत्र योग्य त्या कार्यालयामार्फत आलं नाही म्हणून हरकत घेतली. ते योग्य त्या कार्यालयामार्फत यायला तीन आठवडे लागले. स्वतःचाच काटा स्वतःच्याच अंगणवाडीत नेल्याबद्दल सोजर काळे अडतीस दिवस तुरुंगात होती. त्या अडतीस दिवसांत वस्तीवरच्या एकाही बाळाचं वजन झालं नाही.

पण अडतीसच. एकशे त्रेचाळीस नाही. आणि नावावर कबुली नाही, आरोपमुक्तीचा हुकूम आहे.

तो हुकूम सोजरने अंगणवाडीसमोर मोठ्याने वाचून दाखवला. भुरीबाईने तो हातात घेतला, तिला वाचता येत नव्हतं तरी उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, “वकीलबाई खरंच आली होती?”

“दर तारखेला.”

पुढच्याच आठवड्यात भुरीबाईला एका भांड्यासाठी अडवलं. ती नाही म्हणाली. एकोणतीस दिवस. मग आणखी कुणी. हे सगळं सोपं होतं असं कुणी समजू नये. एका पोराचं आयटीआयचं वर्ष गेलं. एक बाई सात महिन्यांची गरोदर असताना आत गेली आणि बाळंत होऊन बाहेर आली. तिचा नवरा माझ्या ऑफिसात येऊन माझ्यावर ओरडला, आणि मी ऐकून घेतलं, कारण तो बरोबर होता. आठ महिन्यांत एकसष्ट जणांनी नकार दिला. चौपन्न जण पुराव्याअभावी सुटले.

आकडा हलू लागला. एकशे एकोणतीस. शंभर. बहात्तर. आणि मार्चमधल्या एका सकाळी नाक्यावर सोजरच्या आवाजात सोबती एका माणसाला म्हणाला, “दादा, मान्य करू नकोस. वकील येईपर्यंत थांब.”

हे तीन आठवडे चाललं. मग जागेवरचे निकाल घटले म्हणून वरून विचारणा झाली. कंपनीने काय बदललं ते आम्हाला कुणी कळवलं नाही. एवढंच कळलं की फुकटचा सोबती आता दिवसांचा आकडा सांगत नाही. पारधी बोली सेवेतून काढून टाकली आहे. एक पुरुषी आवाज शुद्ध मराठीत म्हणतो, “आपल्या हिताचा विचार करता मान्य करणे उचित ठरेल.”

सोजरने मागितलं होतं ते तिला अशा रीतीने मिळालं. मी तिला सांगायला गेले तेव्हा ती पोरांना खिचडी वाढत होती. हातातला डाव तसाच धरून तिने ऐकून घेतलं.

“आता लोक कशाला ऐकतील त्याचं?” ती म्हणाली. “वाट बघायची ते त्यांना माहीत झालंय. तुम्ही तेवढ्या येत राहा.”

*

हिरामणच्या अपिलाची सुनावणी लागली तेव्हा त्याच्या तडीपारीला चौदा महिने झाले होते. मी प्रधानांना चार वेळा भेटले. तार त्यांची होती एवढंच त्यांनी येऊन सांगायचं होतं. चौथ्या वेळी ते म्हणाले, “हिरामण चांगला माणूस आहे, मला मान्य आहे. पण माझ्या सोबतीचा सल्ला आहे की मी यात पडू नये. मी अडचणीत येईन.” ते आले नाहीत.

पण सात महिने अर्ज करकरून मी दोन्ही कानांमधलं बोलणं लेखी मिळवलं होतं. अपील अधिकाऱ्यांसमोर मी ते दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. त्यांनी दोन्ही वाचले, चष्मा काढला आणि हिरामणला विचारलं, “तू चोरी केली नव्हतीस तर कबुली का दिलीस?”

“बहिणीनं सांगितलं म्हणून,” हिरामण म्हणाला.

“बहीण कुठे आहे?”

सोजर मागच्या बाकावरून उभी राहिली.

“तुम्ही सांगितलं होतं?”

“आवाज माझा होता, साहेब. शब्दही मीच वाचलेत. पण कुणाला काय सांगायचं ते तुम्ही ठरवलं होतं. मला विचारलं असतं तर मी दादाला म्हणाले असते, तार साहेबांची आहे, साहेब शेजारी उभे आहेत, त्यांना विचारा.”

“ते लिहून घेण्याची गरज नाही,” अधिकारी लिपिकाला म्हणाले.

“गरज आहे,” मी म्हणाले. “मी लेखी अर्ज देते.” आणि तिथेच उभ्या उभ्या दिला.

तडीपारी रद्द झाली. कारण काय, तर तार जप्तच झाली नव्हती; मुद्देमालाविना नोंदवलेली तिसरी कबुली ग्राह्य धरता येत नाही. तांत्रिक कारण. दोन कानांत दोन सल्ले का, याबद्दल आदेशात एक ओळ नाही. पहिल्या दोन कबुल्या तशाच राहिल्या.

आम्ही तिघं संध्याकाळच्या बसने करंजनगरला निघालो. हिरामण खिडकीशी बसला, सोजर त्याच्या शेजारी. मी मागच्या सीटवर. हिरामण म्हणाला, “पोरी केवढ्या झाल्यात?” सोजर सांगू लागली, थोरलीचे दात पडलेत, धाकटी सगळ्यांना मारते. त्याने डोळे मिटून घेतले होते, पण तो ऐकत होता. मध्येच म्हणाला, “बोल ना, थांबलीस का?”

करंजनगरच्या नाक्यावर बस थांबली. कॅमेरा फिरला. घुले बसमध्ये चढले, स्क्रीनकडे पाहिलं, मग हिरामणकडे. तीन कबुल्या आणि एक तडीपारी. तडीपारी रद्द झाल्याचं यंत्रापर्यंत पोहोचलं नव्हतं.

“खाली उतर,” घुले म्हणाले आणि सोबती पुढे केला. “हा घाल कानात.”

हिरामण उठला. त्याने सोबती घेतला नाही.

“माझ्या वकीलबाई मागे बसल्यात,” तो म्हणाला. “त्यांचे गुडघे दुखतात, उतरायला वेळ लागतो. तोवर थांबा.”

बसमधल्या सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मी पिशवीतून आदेशाची प्रत काढली, पुढच्या सीटचा दांडा धरला आणि उठले.